वासोट्याची वाट : पाण्यापलीकडच्या जंगलातील एका पायवाटेचे प्रकरण

सातारा जिल्ह्यात, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या पश्चिम काठावर, वासोटा ऊर्फ व्याघ्रगड हा १,१७१ मीटर उंचीचा किल्ला उभा आहे. किल्ल्याच्या पायथ्याला मोटारीचा रस्ता नाही. साताऱ्याहून कास पठारावरून खाली बामणोलीला उतरायचे, तेथे वनखात्याची परवानगी घ्यायची, बोटीने सुमारे दीड तासाचे पाणी ओलांडून मेट इंदवलीच्या काठाला लागायचे आणि तेथून जंगलातील पायवाटेने गड गाठून दिवस मावळण्याच्या आत पुन्हा बोटीत बसायचे, असा इथला क्रम आहे. सह्याद्रीतील इतर लोकप्रिय वाटांची शनिवार-रविवारी काय अवस्था होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही वाट आजही दाट झाडीतून, फारशी न रुंदावता आणि बहुतांशी कचऱ्याविना गडापर्यंत जाते याचे नवल वाटते. हे नवल नेमके कशामुळे घडले, त्यातले किती श्रेय नियमांना, किती भूगोलाला आणि किती माणसांना द्यायचे, आणि परिस्थिती बदलल्यावर यातले काय टिकेल, हा या प्रकरणाचा विषय आहे.

खोरे आणि त्यातला पाण्याचा अडसर

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि कृष्णेसारखी लगेच पूर्वेकडे न वळता सह्याद्रीच्या मुख्य धारेला समांतर अशी सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेकडे वाहते. हेळवाकजवळ ती काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. या दक्षिणोत्तर भागात नदीच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य धार असून तिचे कडे पलीकडे सरळ कोकणात कोसळतात, तर पूर्वेला बामणोलीची डोंगररांग आहे आणि कासचे पठार याच रांगेच्या माथ्यावर पसरलेले आहे. दोन रांगांमधले हे अरुंद, लांबट खोरे पूर्वी भातखाचरांचे, उतारावरच्या नाचणी-वरीचे आणि गवळी-धनगरांच्या वाड्यांचे होते. देशावरून कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा या खोऱ्याला आडव्या छेदून जात आणि त्या वाटांवर नजर ठेवणे हेच वासोट्यासारख्या किल्ल्याचे काम होते.

कोयना प्रकल्पाने ही रचना मुळापासून बदलली. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठू लागले, त्यातले बरेच पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीच्या खोऱ्यात सोडले जाऊ लागले आणि वर खोऱ्याच्या तळाशी असलेली गावे, शेते व नदी ओलांडणाऱ्या वाटा पाण्याखाली गेल्या. धरणग्रस्तांपैकी अनेक कुटुंबे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा लांबच्या जिल्ह्यांत गेली आणि त्यांच्यातल्या कित्येकांचे पुनर्वसनाचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत आंदोलनाचे विषय राहिले. पश्चिम काठ या सगळ्यात तुटला. १९८५ मध्ये त्या काठावर ४२३.५५ चौरस किलोमीटरचे कोयना अभयारण्य जाहीर झाले. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला, आणि २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली व राधानगरी या चार स्थळांचा पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. मेट इंदवलीचीही वस्ती उठली.

वासोट्याच्या जंगलाच्या सुस्थितीबद्दल बोलताना हा तपशील सहसा गाळला जातो, म्हणून तो आधीच मांडणे मला आवश्यक वाटते. पाण्याचा हा अडसर कुणी वाट जपण्यासाठी घातलेला नव्हता. एका मोठ्या प्रकल्पापायी खोऱ्यातल्या माणसांनी आपली घरे सोडली, तिथे पुढे जंगल भरून आले, आणि त्या मोकळ्या झालेल्या काठावरची एक जुनी वाट आज आपल्याला चालायला मिळते.

वाट कशी आहे

जलाशय पूर्ण भरतो तेव्हा त्याची पातळी २,१६३ फुटांवर, म्हणजे सुमारे ६५९ मीटरवर असते. ही पातळी गडाच्या उंचीतून वजा केली, तर पाण्यापासून माथ्यापर्यंतचा चढ साधारण ५०० मीटरचा होतो. मात्र हा आकडा वर्षभर सारखा राहत नाही. उन्हाळ्याकडे जलाशय उतरू लागतो, काठ मागे सरकतो, आणि ज्या ठिकाणी डिसेंबरात बोट थेट झाडांच्या सावलीला लागते त्याच ठिकाणी मे महिन्यात भेगाळलेल्या गाळाचा उघडा पट्टा तुडवत उन्हातून वर यावे लागते. चढाच्या सुरुवातीलाच माणूस दमतो, पाणी जास्त पितो, त्यामुळे बरोबर जास्त बाटल्या घेतो, आणि काठावरच्या वनखात्याच्या नाक्यावर ज्या प्लास्टिकची मोजणी होते त्यात भर पडते. धरणाच्या पातळीचा आणि पायवाटेवरच्या कचऱ्याचा संबंध इतका सरळ आहे.

काठावरून वर आल्यावर वाट प्रथम जुन्या गावठाणाच्या परिसरातून जाते. घरांची जोती आता झुडपांत गेली आहेत. थोड्याच अंतरावर ओढा लागतो आणि त्याच्या काठी मारुती व गणपतीच्या मूर्ती आहेत. इथे बहुतेक लोक थांबतात, पाणी भरतात आणि मग खरा चढ सुरू होतो. अंजनी, जांभूळ आणि पिसा या सदाहरित झाडांचे हे रान आहे. त्यांच्या छायेत भर दुपारीसुद्धा उजेड मंद असतो आणि पायाखाली कुजक्या पानांचा जाड थर असतो. वरच्या भागात वाटेला एक फाटा फुटतो. एक वाट वासोट्याला जाते, दुसरी धारेने नागेश्वरच्या सुळक्याकडे. गडाकडे जाणारी वाट शेवटी झाडीतून बाहेर येते, कारवीच्या पट्ट्यातून आणि पायऱ्यांवरून पडक्या दरवाजांपाशी पोहोचते. माथ्यावर छप्पर नसलेले मारुतीचे मंदिर, महादेवाचे मंदिर, पाण्याची टाकी, वाड्याचे चौथरे आणि चुन्याची घाणी आहे. पश्चिमेच्या टोकावरून समोर जुना वासोटा आणि त्याचा बाबूकडा दिसतो आणि खाली कोकण.

पायवाटेची प्रकृती ओळखायची असेल, तर झाडीतल्या या मधल्या टप्प्यात खाली मान घालून चालावे. पानांचा थर जिथे शाबूत आहे तिथे पाऊस मातीवर थेट आदळत नाही, माती भुसभुशीत राहते आणि पाणी मुरते. सतत पाय पडून जिथे थर निघून गेला, तिथे माती घट्ट होते, पाणी मुरायचे थांबते आणि वाटेवरूनच वाहू लागते. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे चर पडतो आणि मुळे उघडी होतात. मग चालणारा चर चुकवण्यासाठी कडेने जातो, ती कडही झिजते, आणि एका माणसापुरती असलेली वाट चार माणसांएवढी रुंद होते. वळणावळणाने चढणाऱ्या वाटेवर लोक उतरताना वळणे तोडून सरळ खाली येतात, तेव्हा हीच प्रक्रिया कितीतरी वेगाने घडते, कारण तीव्र उतारावर टाच रुतवून उतरणारा माणूस चढणाऱ्यापेक्षा अधिक माती मोकळी करतो. वासोट्याच्या वाटेवर असे आडमार्ग आहेत, पण ते मोजके आहेत. मुळे उघडी पडलेल्या जागा आहेत, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना रान अजून वाटेला चिकटून उभे आहे.

वरच्या पट्ट्यातल्या कारवीचे मात्र वेगळे आहे. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारे हे झुडूप आपल्या दाट मुळांनी उतारावरची माती धरून ठेवते. आधाराला काठी हवी म्हणून वाटेकडेची कारवी मोडून घेण्याची सवय ट्रेकर मंडळींमध्ये जुनी आहे, आणि परत येताना ती काठी ओढ्याकाठी टाकून दिली जाते. प्लास्टिकच्या पुड्याची जशी नोंद होते तशी या काठीची होत नाही. वाटेचे नुकसान करणाऱ्या ज्या गोष्टी कचरा म्हणून दिसत नाहीत, त्या नियमांतून निसटतात, असा माझा अनुभव आहे.

नाक्यावर काय घडते

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात कुणालाही मुक्त प्रवेश नाही. कलम २८ खाली अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशा कारणांसाठी परवाना देता येतो, आणि वासोट्याला जाणारा प्रत्येक जण या परवान्यावरच आत जातो. बामणोलीच्या कार्यालयात ओळखपत्र दाखवून, नावांची यादी देऊन, शुल्क भरून तो मिळतो. पावसाळ्यात ही वाट बंद ठेवली जाते. मुक्कामाला परवानगी नाही.

पलीकडच्या काठावर तपासणी होते. पाठीवरची पिशवी उघडून आतली प्रत्येक प्लास्टिकची वस्तू बाहेर काढावी लागते. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटे, चिक्कीची वेष्टने मोजली जातात, आकडा गटाच्या नावापुढे लिहिला जातो आणि अनामत रक्कम घेतली जाते. परतताना तितक्याच वस्तू दाखवल्या की रक्कम परत मिळते. पहिल्यांदा येणाऱ्याला हे त्रासदायक वाटते. पण या मोजणीचा परिणाम वाटेवर लगेच दिसतो. विश्रांतीला बसलेल्या गटात कुणीतरी एक जण रिकामी वेष्टने गोळा करून पुन्हा मोजत असतो, कारण एक जरी कमी भरले तरी खाली अडकायला होणार हे सगळ्यांना ठाऊक असते. दंडाच्या पाट्या लावून जे साधत नाही, ते इथे एका वहीने साधले आहे. आत जातानाचा आकडा आणि बाहेर येतानाचा आकडा एकाच ठिकाणी, एकाच माणसासमोर जुळवला जातो, हे या व्यवस्थेचे मर्म आहे.

आणि हे शक्य होते, कारण जाण्याची व येण्याची जागा एकच आहे. राजमाचीवर किंवा हरिश्चंद्रगडावर अनेक दिशांनी वाटा येतात. तिथे कितीही वह्या ठेवल्या तरी हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून चढलेला माणूस खिरेश्वरला उतरला की हिशेब संपला. मेट इंदवलीला माणूस ज्या बोटीने आला त्याच बोटीने परत जाणार असतो. त्याच्याकडे दुसरा पर्याय नाही.

बोटीची ही शिस्त नियमांइतकीच महत्त्वाची आहे, किंबहुना मी तिला अधिक महत्त्व देईन. बामणोली, तापोळा, शेंबडी, मुनावळे इथल्या बोट क्लबांच्या बोटी प्रवासी घेऊन जातात. भाडे माणशी न ठरता बोटीमागे ठरते. त्यामुळे दोघे-तिघे आले तर त्यांना दुसऱ्या गटाबरोबर जोडून दिले जाते आणि एका बोटीतले सगळे एकमेकांना बांधले जातात. नावाडी पलीकडे थांबून राहतो आणि परतण्याची वेळ तोच ठरवून देतो. वारा सुटला की जलाशयावर लाटा उठतात, अंधारात काठ ओळखणे कठीण होते, म्हणून तो या वेळेबाबत सहसा ऐकून घेत नाही. परिणामी गडावर फार वेळ रेंगाळता येत नाही, चूल पेटवायला सवड राहत नाही आणि संध्याकाळ पडण्याच्या सुमारास, म्हणजे गवे आणि सांबरे पाण्याकडे येऊ लागतात तेव्हा, काठ रिकामा झालेला असतो. हा नियम वनखात्याच्या फलकावरही आहे, पण तो पाळला जातो नावाड्याच्या धाकाने.

या नावाड्यांपैकी आणि वाटाड्यांपैकी बरेच जण खोऱ्यातल्याच गावांचे आहेत. पाण्याखाली कुठे देऊळ आहे, कुठला सुळका कुणाच्या शिवेत होता, हे ते बोट चालवता चालवता सांगतात. गडावरचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतात. १६६० मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला, राजापूरचे इंग्रज इथे कैदेत होते, पेशवाईच्या उत्तरकाळात पंतप्रतिनिधींच्या बाजूच्या ताई तेलिणीने पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांशी इथून झुंज दिली आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांपुढे किल्ला पडला, हे सारे बोटीत चर्चिले जाते. पण ज्या काठावर आपण उतरतो तिथे पन्नास-साठ वर्षांपूर्वी कोण राहत होते, हे विचारणारा क्वचित असतो. वाटेची माहिती देणारे फलक उभारायचेच असतील, तर त्यांत मेट इंदवलीच्या वस्तीला जागा मिळाली पाहिजे असे मी आग्रहाने म्हणेन.

दुसरी बाजू : नागेश्वर आणि चोरवणे

एकच दार असल्याने ही वाट टिकली, हे विधान पडताळून पाहण्याची सोय याच डोंगरावर आहे. वासोट्याच्या फाट्यावरून जी दुसरी वाट जाते, ती धारेवरून नागेश्वरच्या गुहेकडे पोहोचते. गुहेत शिवलिंग आहे आणि वरच्या खडकातून झिरपणारे पाणी त्याच्यावर थेंबथेंब पडत राहते. नागेश्वरला कोकणातूनही वाट आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील चोरवणे गावातून ती चढते. ती दमछाक करणारी, घसाऱ्याची आणि कोकणातल्या भाविकांची पूर्वापार राबत्याची वाट आहे. महाशिवरात्रीला चोरवण्याच्या बाजूने लोक मोठ्या संख्येने वर येतात.

या बाजूला पाणी नाही, नावाडी नाही आणि आत-बाहेरचा आकडा जुळवणारा एकच टेबल नाही. साहजिकच गुहेच्या परिसरात जे दिसते ते वासोट्याच्या माथ्यावर दिसत नाही. नारळाच्या करवंट्या, अगरबत्तीची पाकिटे, प्लास्टिकच्या पिशव्या, आणि धारेवर फाटत गेलेल्या समांतर वाटा. याबद्दल भाविकांना बोल लावून भागणार नाही. ते अभयारण्याच्या आधीपासून या देवाला येत आहेत आणि त्यांच्या दृष्टीने ती वाट पर्यटनाची नाही. पण एकाच डोंगरावर, एकाच जंगलात, एकाच कायद्याखाली असलेल्या या दोन वाटांची अवस्था इतकी वेगळी का, याचे उत्तर त्यातून मिळते. कायदा दोन्हीकडे सारखाच आहे. मोजणी फक्त एकीकडे आहे.

चोरवण्याची वाट बंद करण्याची सूचना अधूनमधून ऐकू येते. मला ती पटत नाही. शेकडो वर्षांचा राबता असलेली वाट कागदावर बंद केली, तर ती रात्री चालली जाते, आणि जंगलासाठी रात्रीचे चालणे दिवसाच्या चालण्यापेक्षा वाईट. त्याऐवजी चोरवणे गावालाच यात्रेच्या दिवसांत पायथ्याशी नोंदवही, कापडी पिशव्यांचे वाटप आणि परतीची तपासणी यांची जबाबदारी देणे व्यवहार्य आहे. कास पठारावर हा प्रयोग झालेला आहे. तिथे भोवतालच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीने फुलांच्या हंगामात प्रवेश, शुल्क, वाहनतळ आणि मार्गदर्शन सांभाळले. कासच्या व्यवस्थेबद्दल, विशेषतः तिथे घातलेल्या कुंपणाबद्दल, अभ्यासकांत मतभेद आहेत आणि त्यातले काही आक्षेप मला रास्त वाटतात. पण दाराशी गावातलाच माणूस बसला की वर चढणाऱ्याचे वागणे बदलते, हे तिथे दिसून आले.

पूल आल्यानंतर

या प्रकरणाला आता नवे वळण लागत आहे. २०१९ मध्ये कोयना खोऱ्याच्या परिसरात नवीन महाबळेश्वर नावाच्या गिरिस्थानाच्या नियोजनासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. मुनावळ्याला जलपर्यटनाचे केंद्र आले. तापोळ्याजवळ जलाशयावर आहिरच्या बाजूला जोडणारा मोठा पूल हाती घेण्यात आला. कांदाटी खोऱ्यातील गावांना आधीच रघुवीर घाटाने खेडशी जोडले आहे. म्हणजे ज्या पश्चिम काठावर साताऱ्याच्या बाजूने आजवर बोटीशिवाय जाता येत नव्हते, त्याचा उत्तरेकडचा भाग दोन्ही बाजूंनी मोटारीच्या आवाक्यात येत आहे. वासोटा त्याच्या दक्षिणेला आहे आणि अभयारण्याचा गाभा मध्ये आहे. त्यामुळे उद्याच गडाच्या पायथ्याशी रस्ता जाईल असे नाही. तथापि खोऱ्याचे एकाकीपण संपत चालले आहे हे मान्य करून पुढचा विचार करावा लागेल.

निसर्गप्रेमी मंडळींमध्ये यावर पहिली प्रतिक्रिया पुलांना विरोधाची असते. इथे मला थांबावेसे वाटते. कांदाटी खोऱ्यातल्या गावांनी अनेक दशके आजारी माणूस, बाळंतीण, शाळकरी मुले आणि रेशनचे धान्य बोटीतून नेले आहे. पावसाळ्यात, वादळी वाऱ्यात, रात्री-अपरात्री. आपल्या चालण्याची वाट निवांत राहावी म्हणून त्यांनी हे पुढेही सोसावे, असे कुणालाही म्हणता येणार नाही, आणि ज्यांच्या आधीच्या पिढीने धरणापायी सगळे गमावले त्यांना तर मुळीच नाही. पाण्याचा अडसर हा वासोट्याच्या वाटेचा रक्षक ठरला हे खरे, पण तो रक्षक दुसऱ्याच्या खर्चाने उभा होता.

म्हणून प्रश्न असा मांडला पाहिजे की पाण्याने जी कामे फुकट केली ती आता कुणी आणि कशी करायची. ती कामे तीन होती. लोक एकाच जागेतून आत-बाहेर होतील हे पाहणे, दिवसाची संख्या बोटींच्या संख्येपुरती मर्यादित ठेवणे, आणि अंधाराच्या आत सगळ्यांना बाहेर काढणे.

पहिल्या कामासाठी पश्चिम काठावर रस्ता कुठेही पोहोचला तरी वासोट्याचा प्रवेश फक्त मेट इंदवलीहूनच, आणि तोही बोटीनेच, असा निर्णय व्याघ्र प्रकल्पाने आत्ताच, मागणी वाढण्याच्या आधी, लेखी घेऊन ठेवावा. मागणी वाढल्यावर असा निर्णय घेता येत नाही. याने बामणोली-शेंबडीच्या नावाड्यांचा रोजगारही टिकतो. पुलांमुळे प्रवासी वाहतूक कमी झाली की या बोटींना वासोट्याच्या फेऱ्यांवरच भिस्त ठेवावी लागणार आहे. दुसऱ्या कामासाठी दैनंदिन मर्यादा ठरवावी लागेल, आणि ती ठरवताना किल्ल्यावर किती माणसे मावतात हे न पाहता झाडीतल्या त्या मधल्या टप्प्यावर वाट किती सोसते हे पाहावे. दर वर्षी पावसाळ्यानंतर वाट उघडण्याआधी ठरावीक जागी तिची रुंदी आणि चराची खोली मोजून ठेवली, तर दोन-चार वर्षांत मर्यादा सैल करायची की आवळायची हे सांगता येईल. यासाठी दोरी, टेप आणि एक वही पुरेशी आहे. गावातल्या तरुणांकडून हे काम करून घेता येते. वळणे तोडणाऱ्या आडमार्गांवर त्याच वेळी आडव्या फांद्या टाकून ते बुजवता येतात, आणि वाटेवरून वाहणारे पाणी बाजूला काढण्यासाठी तिरप्या दगडी ओळी घालता येतात. सह्याद्रीतल्या जुन्या घाटवाटांवर ही पद्धत होतीच. सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे मात्र इथे आणू नयेत. त्यांनी वाट सोपी होते, संख्या वाढते, आणि काँक्रीटच्या कडेने पाणी माती कोरत राहते.

पावसाळ्यातली बंदी कायम राहावी, हेही याच हिशेबातले आहे. तिचे कारण अपघात टाळणे एवढेच समजले जाते. कोयनेच्या खोऱ्यात कोयनानगर-नवजासारख्या ठिकाणी वर्षाला साधारण ५,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा पावसात चिंब झालेल्या मातीवर पडलेले एक पाऊल कोरड्या ऋतूतल्या अनेक पावलांपेक्षा वाटेला जास्त जड जाते. वाट दर वर्षी चार महिने विसावते, पानांचा थर पुन्हा धरते, म्हणून ती उरलेले आठ महिने चालू शकते.

तिसऱ्या कामात वाघ येतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला तेव्हा इथे वाघ आहेत की नाहीत यावरच वाद होता. २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने वाघ टिपला, २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक नर दिसला, आणि २०२५ च्या अखेरीस ताडोबातून वाघीण आणून सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. चांदोली आणि कोयना यांना जोडणारे जंगल सलग आहे. आज वासोट्याच्या वाटेवर गवा, अस्वल आणि बिबट्या यांच्या खुणा सापडतात. उद्या त्याच मातीत वाघाचा ठसा उमटू शकतो, आणि प्रकल्पाचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील पर्यटनाला २० टक्के क्षेत्राची मर्यादा घातली. पण इतर प्रकल्पांत हे पर्यटन जीपमधून होते, आणि वासोट्याला ते पायी होते. वाघाच्या गाभा क्षेत्रात पायी चालणाऱ्या शेकडो माणसांची व्यवस्था कशी करायची याचे तयार नमुने आपल्याकडे थोडे आहेत.

गटामागे एक प्रशिक्षित स्थानिक वाटाड्या सक्तीचा करणे, गटाची संख्या बांधणे, गटांमध्ये वेळेचे अंतर ठेवणे आणि शेवटचा गट परतल्याशिवाय नाका बंद न करणे, एवढे तरी वाघीण पिलांसह या बाजूला येण्याआधी अमलात यायला हवे. एखादा अपघात घडला की पहिला उपाय वाट कायमची बंद करण्याचा सुचवला जातो, आणि मग रोजगार बुडतो तो नावाड्याचा आणि वाटाड्याचा. सक्तीच्या वाटाड्याने गटाचा खर्च वाढेल, अशी तक्रार येईल. बोटीचे भाडे जसे गटात वाटले जाते तसे वाटाड्याचे मानधनही वाटले जाऊ शकते. त्याला मोबदला देणारी यंत्रणा ग्राम परिस्थितीकीय विकास समित्यांच्या रूपाने गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रातल्या गावांत उभी करता येते, आणि प्रवेश शुल्कातला किती हिस्सा या समित्यांकडे जातो हे बामणोलीच्या कार्यालयाबाहेर, परवान्याच्या दरपत्रकाशेजारीच लावले, तर ज्यांच्याकडून शुल्क घेतले जाते त्यांनाही ते देणे योग्य वाटेल.